रात्री ऊन नसतं, मग ओझोनचं काय होतं?

सातपुड्याची_लेक
नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यात विज्ञान शिकवते. नववीला ओझोन थर शिकवताना एका मुलीने विचारलं, "बाई, उन्हानं ओझोन तयार होतो म्हणता, मग रात्री कोण तयार करतं? सकाळी थर पातळ झालेला असतो का?" प्रश्न मला फार आवडला. पुस्तकात तर याबद्दल एक ओळही नाही.

मी थोडं वाचलं, पण त्यात गुंता वाढला. एका ठिकाणी दिलंय की वरच्या वातावरणात ओझोन रात्री वाढतो आणि दिवसा घटतो. दुसरीकडे लिहिलंय की तो दुपारी सर्वांत जास्त आणि सकाळी कमी असतो. दोन्ही लेख जबाबदार माणसांचे दिसतात. मग दोन्ही खरं कसं असेल? इथे कोणी या विषयातलं असेल तर सविस्तर लिहा. मुलीला अर्धवट उत्तर द्यायचं नाही.

लळिंग
ताई, तुमच्या विद्यार्थिनीला माझ्याकडून शाबासकी सांगा. मूळ धुळ्याचा, सध्या वातावरणाच्या मापनावर काम करतो. हा विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लांबलचक लिहितोय.

दोन्ही लेख खरे आहेत, ते वेगवेगळ्या उंचीबद्दल बोलतायत एवढंच. ३५-४० किलोमीटरवर ओझोन दुपारनंतर थोडा जास्त असतो. ५० किलोमीटरच्या वर चित्र उलटं, रात्री जास्त आणि दिवसा कमी. आणि २० ते २५ किलोमीटरवर, जिथे ओझोनचा मोठा साठा आहे, तिथे दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ जाणवतच नाही.

असं का होतं ते सांगतो. १९३० मध्ये सिडनी चॅपमन यांनी मांडलेल्या साखळीत चार पायऱ्या आहेत. २४२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील किरण ऑक्सिजनचा रेणू फोडतो, दोन सुटे अणू मिळतात. सुटा अणू दुसऱ्या ऑक्सिजन रेणूला चिकटला की ओझोन होतो. ओझोनवर अतिनील किरण पडला की तो पुन्हा फुटतो, अणू परत सुटा. आणि अधूनमधून सुटा अणू ओझोनलाच धडकला तर दोघांचे मिळून साधे ऑक्सिजन रेणू होतात, म्हणजे ओझोन कायमचा गेला. प्रत्यक्षात ही शेवटची मोडतोड क्लोरीन, नायट्रोजनची ऑक्साइडं, हायड्रॉक्सिल वगैरे खूप वेगाने घडवून आणतात, पण सांगाडा तोच.

आता दुसरी पायरी नीट पाहा, सगळी मेख तिथे आहे. अणू आणि रेणू नुसते भेटून भागत नाही. जुळताना सुटणारी ऊर्जा उचलून न्यायला जवळ तिसरा रेणू लागतो, तो नसेल तर जोडी लगेच सुटते. म्हणजे हवा जितकी दाट तितकी जुळणी पटकन. ४० किलोमीटरवर सुटा अणू एका सेकंदाच्या आत ओझोन होऊन बसतो. ५० वर साधारण १५ सेकंद लागतात. ७० वर वीसेक मिनिटं. ९० किलोमीटरवर हवा इतकी विरळ की त्याच अणूला काही दिवस वाट पाहावी लागते.

उलट बाजूला, ५० च्या वर भर दुपारी ओझोनचा रेणू सरासरी दोन मिनिटांत फुटतो. आता दोन्ही गोष्टी एकत्र धरा. ७० किलोमीटरवर दोन मिनिटांत फुटायचं आणि वीस मिनिटांत जुळायचं, तर दिवसा सुटे अणू ओझोनच्या दहापट राहणार. ४० वर फुटला तरी क्षणात परत जुळतो, म्हणून सुटे अणू नगण्य.

अहिराणी_भो
भो, हाई बठ्ठं मस्त शे! पन मले एक सांग, रातले ओझोन वाढस, मंग दिनले तो जास कोठे?

लळिंग
भाऊ, कुठेच जात नाही, तिथेच असतो, फक्त रूप बदलतो. मळ्यात शेजारी-शेजारी दोन हौद आहेत आणि मध्ये पाइप आहे असं समजा. एका हौदात ओझोन, दुसऱ्यात सुटे अणू. ऊन असतं तेव्हा पाइपातून पाणी ओझोनच्या हौदातून दुसरीकडे ढकललं जातं. ऊन गेलं की सगळं परत ओझोनच्या हौदात. दोन्ही हौद मिळून पाणी जवळपास तेवढंच.

४० किलोमीटरवर दुसरा हौद वाटीएवढा आहे, रात्री तो रिकामा झाला तरी पहिल्यात कळत नाही. ५० वर दुसरा हौद पहिल्याच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणून रात्री ओझोन साधारण शेकडा दहाने वाढतो. ७० वर दुसरा हौदच मोठा आहे, म्हणून अंधार पडला की ओझोन कित्येक पट होतो. पूर्ण दहापट होईलच असं नाही, कारण तिथे पाण्याच्या वाफेपासून तयार झालेले हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल संधिप्रकाशात काही अणू गिळून टाकतात.

केळीबाग_रावेर
वाचतोय. लळिंगभाऊ, समजावण्याची पद्धत भारी. एक शंका. तुम्ही म्हणता ३५-४० वर दुपारनंतर वाढतो. ऊन तिथे रोज ओझोन फोडतंय, मग वाढतो कसा?

लळिंग
कारण तिथे ऊन दोन कामं एकाच वेळी करतं. ओझोन फोडतं, पण तो लगेच जुळतो, म्हणून हिशेबात त्याची वजाबाकी होत नाही. त्याच वेळी पहिली पायरीही चालू असते, साध्या ऑक्सिजनमधून नवे अणू येत राहतात आणि ते तडक ओझोन होतात. सूर्य जितका वर, तितकं हे नवं उत्पादन जास्त, कारण किरणांना वरच्या हवेतून कमी अंतर कापावं लागतं.

दिवसाची चाल अशी. रात्रभर जवळपास स्थिर. सूर्य उगवल्यावर पहिल्या काही तासांत थोडी घट, कारण तिरप्या उन्हात ओझोन फुटून मोडणारी साखळी चालू होते, पण नवीन अणू देणारे कमी तरंगलांबीचे किरण तेवढ्या प्रमाणात पोहोचत नाहीत. मग दहा-अकरापासून उत्पादन पुढे जातं. दुपारी चार-पाचच्या सुमारास शिखर. सकाळचा तळ आणि हे शिखर यांत फरक शेकडा तीन ते पाच. आपल्यासारख्या उष्ण कटिबंधात आणखी एक गोष्ट मिसळते. रोजच्या तापण्याने वरच्या हवेत भरती-ओहोटीसारख्या लाटा उठतात आणि हवा काही तास वर, काही तास खाली सरकते. त्यामुळेही एखाद्या उंचीवरचा ओझोन बदलतो. रसायन किती आणि हवेची हालचाल किती हे वेगळं काढणं सोपं नाही.

केळीबाग_रावेर
म्हणजे दुपारी चारचं ऊन ओझोन जास्त असल्यामुळे कमी बाधतं? आमच्याकडे मे महिन्यात दुपारी बागेत उभं राहवत नाही. आणि दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की ओझोनला भोक पडल्यामुळे खान्देश तापतोय.

तापीकाठ
केळीबाग, याचं उत्तर मी देतो. नोकरीची बरीच वर्षं हवामानाच्या नोंदी घेण्यात गेली.

आकाशातला एकूण ओझोन मोजायचं एकक आहे डॉब्सन. गॉर्डन डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात ऑक्सफर्डला बनवलेल्या उपकरणावरून ते नाव आलं. डोक्यावरचा सगळा ओझोन जमिनीवरच्या दाबाला आणि शून्य अंशाला आणून पसरला तर ३०० डॉब्सन म्हणजे फक्त ३ मिलिमीटर जाडीचा थर. भारतावर तो साधारण २४० ते २९० असतो. लळिंग सांगतायत तो मोठा उलटफेर ५० च्या वर होतो, पण तिथे एकूण ओझोनच्या शेकडा एकाहूनही कमी भाग आहे. त्यामुळे दिवसभरात एकूण आकडा फार तर शेकडा एकाच्या आसपास हलतो. एवढ्या फरकाने कातडीला काही कळत नाही. ऋतूप्रमाणे होणारा बदल त्याहून कितीतरी मोठा आहे.

अतिनील किरण बाधतात ते मुख्यतः सूर्य किती उंच आहे त्यावर. जळगावचा अक्षांश २१ अंश. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर. किरण थरातून सरळ उभे उतरतात, सर्वांत कमी ओझोन ओलांडून. चार वाजता तेच किरण तिरपे येतात, वाट लांबते, अतिनील झपाट्याने कमी होतं. म्हणून चार वाजता कातडी कमी भाजते, पण हवा मात्र तेव्हाच जास्त तापलेली असते. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

खान्देशच्या उन्हाळ्याचा आणि ओझोनच्या भोकाचा संबंध नाही. ते भोक अंटार्क्टिकावर पडतं. भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या पुढे जातो तो डोक्यावरचा सूर्य, निरभ्र आकाश, वाळलेली काळी जमीन आणि वायव्येकडून येणारे कोरडे वारे यांमुळे. मजूर आणि तुम्ही स्वतः अकरा ते तीन बागेत जाणं टाळा, डोक्याला उपरणं आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच.

मेहरुण_काठ
खूप छान धागा. या निमित्ताने विचारते. आमच्या गटावर दर महिन्याला एक संदेश फिरतो की पहाटे तीन ते पाच पिंपळाखाली बसा, झाड ओझोन सोडतं, फुप्फुसं शुद्ध होतात. माझे सासरे दम्याचे रुग्ण आहेत आणि पहाटे उठून जातात. हे खरं आहे का?

तापीकाठ
ताई, नाही. कोणतंही झाड ओझोन सोडत नाही. पिंपळाला माझाही नमस्कार, पण हे त्याच्या नावावर खपवलेलं आहे.

जमिनीलगतचा ओझोन वेगळ्या वाटेने होतो. वाहनं, कोळसा, काडीकचरा जाळणं यातून नायट्रोजनची ऑक्साइडं आणि सेंद्रिय वाफा येतात, त्यांच्यावर ऊन पडलं की ओझोन बनतो. म्हणून तो टळटळीत दुपारी ते संध्याकाळच्या आत सर्वांत जास्त आणि पहाटे सर्वांत कमी असतो. रात्री गाड्यांच्या धुरातलं नायट्रिक ऑक्साइड तो खाऊन टाकतं, शिवाय जमिनीला आणि पानांना लागूनही तो नष्ट होतो. म्हणजे त्या संदेशात सांगितलेली वेळच नेमकी उलटी आहे.

आणि मिळत नाही तेच बरं. श्वासात गेलेला ओझोन श्वासनलिकेला सूज आणतो, दमा वाढवतो. आपल्या देशाच्या २००९ च्या हवा-गुणवत्ता मानकांत आठ तासांसाठी त्याची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. सासऱ्यांना पहाटे फिरायला अवश्य जाऊ द्या, पण कडाक्याच्या थंडीत धूर खाली साचलेला असतो तेव्हा सांभाळा. उन्हाळ्यातल्या दुपारी मात्र त्यांना घरातच ठेवा. आणि औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका, असल्या संदेशांचा खरा धोका तिथे आहे.

मेहरुण_काठ
मनापासून आभार काका. हे तुमचं उत्तर आजच त्यांना वाचून दाखवते.

पाटणादेवी
मी चाळीसगावची, एमएस्सी भौतिकशास्त्र. लळिंगदादा, दोन प्रश्न. रात्री सूर्यच नसताना हे मोजतात कसं? आणि शेकडा तीन-पाच टक्क्यांच्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला?

लळिंग
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण माझा जीव त्यात गुंतलाय.

१९८७ मध्ये माँट्रियल करार झाला, भारत १९९२ मध्ये त्यात आला. क्लोरीनवाली शीतकरणाची रसायनं बंद होत गेली. आता जगाला कळायला हवं की थर सावरतोय का. सावरण्याची सर्वांत स्वच्छ खूण ४० किलोमीटरच्या आसपास दिसते, कारण तिथे क्लोरीनचा मार थेट बसत होता. पण तिथली सुधारणा आहे किती? २००० पासून दर दहा वर्षांना शेकडा एक ते तीन.

आता जुळवून पाहा. दहा वर्षांची सुधारणा शेकडा दोन, आणि सकाळ ते दुपारचा रोजचा फरक शेकडा चार. हवामानाचे जुने उपग्रह दुपारी दोनच्या सुमारास विषुववृत्त ओलांडतील असे सोडले जात, पण कक्षा हळूहळू सरकून काही वर्षांनी तेच उपग्रह संध्याकाळी जाऊ लागत. एक उपग्रह संपला की दुसरा वेगळ्या वेळेचा येई. या सगळ्यांचे आकडे एकापुढे एक लावले तर घड्याळातला फरक थर सावरल्यासारखा दिसू शकतो, किंवा खरी सुधारणा झाकली जाऊ शकते. म्हणून कोणत्या उंचीवर, कोणत्या महिन्यात, किती वाजता ओझोन किती असतो हे ठाऊक असल्याशिवाय चाळीस वर्षांच्या नोंदींना हात लावता येत नाही. मोठ्या कराराचं फलित याच बारीकसारीक हिशेबावर तपासलं जातं.

आता मोजणं. ओझोनचे रेणू स्वतःच सूक्ष्मलहरी आणि अवरक्त किरण बाहेर टाकत असतात, त्यांना सूर्य लागत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बर्न इथे १९९४ पासून एक सूक्ष्मलहरी ग्राही रात्रंदिवस आकाशाकडे तोंड करून उभा आहे, रोजच्या चढउताराबद्दलची पुष्कळ माहिती त्याच्याकडून आली. २००१ च्या डिसेंबरात सोडलेल्या टाइम्ड उपग्रहावरचं सेबर हे उपकरण अवरक्तात बघतं आणि १०० किलोमीटरपर्यंत ओझोन मोजतं. ९० च्या आसपास ओझोनचं एक छोटं दुसरं शिखर आहे आणि ते रात्री ठळक होतं, हे त्यात स्पष्ट दिसतं. २००९ च्या सप्टेंबरात आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या जपानी भागावर स्माइल्स नावाचं उपकरण बसवलं. स्थानकाची कक्षा सूर्याला बांधलेली नाही, एकाच जागेवरून ते वेगवेगळ्या वेळी जातं. त्यामुळे काही महिन्यांत दिवसाचे सगळे तास हाताशी आले. उपकरण २०१० च्या एप्रिलपर्यंतच चाललं, पण त्या आकड्यांवर अजून काम होतंय.

तापीकाठ
यात आपल्या देशाचं काम राहू नये म्हणून जोडतो. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे पहिले संचालक के. आर. रामनाथन हे ओझोनवरचे जगातले मोठे अभ्यासक. 'उमकेर' नावाची पद्धत आहे. सूर्य मावळत असताना थेट माथ्यावरचं आकाश दोन तरंगलांबींत मोजत राहायचं. सूर्य क्षितिजाजवळ गेला की दोघांच्या गुणोत्तराची चाल अचानक उलटी फिरते, आणि त्या वळणावरून कोणत्या उंचीवर किती ओझोन आहे ते काढता येतं, फुगा न सोडता. स्विस शास्त्रज्ञ गोट्झ यांना हे वळण १९२९ मध्ये उत्तर ध्रुवाकडच्या स्पिट्सबर्गेन बेटावर दिसलं. त्यावरून थरांचा हिशेब करण्याच्या रीतीवर रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठं काम केलं. आणि फुग्यातून जाणारं ओझोन मोजायचं उपकरण भारतात तयार करणाऱ्या अण्णा मणी, हवामान खात्याच्या. मुलींना हे नाव जरूर सांगा ताई.

लळिंग
नाना, अगदी योग्य आठवण. आणि उमकेरमध्येही आपला विषय येतोच. दोन-तीन तास मोजत असताना ओझोन बदलत नाही असं धरावं लागतं. खालच्या थरांत ते चालतं, वरच्या टोकाला मात्र संध्याकाळ होताना तो बदलत असतो.

संध्याकाळचीच आणखी एक गोष्ट. जळगावात सूर्य मावळला तरी ७० किलोमीटरवर अजून अर्ध्या तासाहून जास्त ऊन असतं, इतक्या उंचीवरून क्षितिज खाली जातं म्हणून. पण ते किरण तिथे पोहोचण्याआधी खालच्या दाट ओझोन थराला घासून येतात आणि त्यातलं अतिनील गळून जातं. त्यामुळे तिथला अतिनीलचा दिवस डोळ्याला दिसणाऱ्या दिवसाच्या आधी संपतो, आणि ओझोन वाढायला लागतो. ग्रहणातही हेच घडतं, काही मिनिटांत. २२ जुलै २००९ ला खग्रास ग्रहण सकाळी सुरतेवरून गेलं, आपल्याकडे पावसाळी ढग होते, पण ढगांच्या कितीतरी वर ही उलथापालथ चालूच असते. १५ जानेवारी २०१० च्या कंकणाकृती ग्रहणात इस्रोने थुंबाहून वरच्या वातावरणाच्या अभ्यासासाठी अग्निबाण सोडले होते.

सातपुड्याची_लेक
सगळ्यांचे किती आभार मानू! मुलीला आता व्यवस्थित सांगता येईल. तिने आज पुढचा प्रश्न आणलाच: ध्रुवावर सहा महिन्यांची रात्र असते, मग तिथला थर संपतो का?

लळिंग
हुशार आहे पोरगी! संपत नाही. २० किलोमीटरच्या आसपास ओझोन महिनोन्महिने टिकतो, रात्र म्हणजे बनणं बंद आणि फुटणंही बंद. शिवाय उष्ण कटिबंधात तयार झालेला ओझोन वरच्या वाऱ्यांनी ध्रुवाकडे वाहत जातो आणि तिथे साचतो. म्हणून उत्तर ध्रुवाकडे एकूण ओझोन वसंतात सर्वांत जास्त असतो, जिथे बनतो त्या आपल्या पट्ट्यापेक्षाही जास्त.

अंटार्क्टिकावर मात्र त्या लांब रात्रीत उणे ८० अंशांच्या आसपास बर्फाळ ढग तयार होतात. त्यांच्या कणांवर क्लोरीन सक्रिय रूपात तयार होऊन बसतं. ऑगस्ट-सप्टेंबरात सूर्य परत आला की त्याच क्लोरीनचा मारा सुरू होतो आणि काही आठवड्यांत त्या उंचीवरचा बहुतेक ओझोन जातो. भोक सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठं असण्याचं कारण हे.

१६ सप्टेंबर ओझोन दिन म्हणून शाळेत साजरा करत असाल तर त्या आठवड्यात नासाच्या ओझोन वॉच पानावरचे रोजचे नकाशे फळ्याशेजारी दाखवा. मुलीला ऑगस्टच्या सुरुवातीपासून रोज एक नकाशा उतरवून ठेवायला सांगा, निळा-जांभळा भाग कसा वाढतो ते तिला स्वतःच दिसेल.

सातपुड्याची_लेक
हे नक्की करणार. शाळेतला संगणक चालू आहे, ऑगस्टपासून तिच्याकडेच ही जबाबदारी देते. नकाशे जमले की इथेच टाकेन.

अहिराणी_भो
ताई, टाकजा जरूर. आम्ही वाट देखी ऱ्हायनूत.